एक सिगारेट होईस्तोवर

बूच बुडालं की बाप म्हणायचा, "आता तंबाखू काढ."

सेचेलांच्या घरात पाइक मासा धरायची हीच रीत होती. गळाला मेलेली हेरिंग मासळी लावायची, बूच पाण्यावर सोडायचं, आणि ते गडप झालं की दोरीला हात लावायचा नाही. खिशातून कागद काढायचा, त्यावर तंबाखू पसरायची, वळायची, थुंकी लावायची, पेटवायची. सिगारेट बोटांना चटका द्यायला लागली की मग ओढायचं. पाइक भक्ष्य आडवं पकडतो, लांब नेतो, थांबतो, फिरवतो आणि डोक्याकडून गिळतो; घाई करणाऱ्याच्या हाती नुसती दातांनी करवतलेली हेरिंग लागते, असं बापाचं म्हणणं. सिगारेट संपेतो गळ माशाच्या पोटात गेलेला असायचा, मग तो सुटतो कशाला? बाप त्याला आकड्यानं काठावर ओढायचा, मानेवर बूट ठेवायचा, डोळ्यांच्या खोबण्यांत अंगठा नि बोट खुपसून उचलायचा आणि डोक्यात सोटा घालायचा. गळ निघायचा तो स्वयंपाकघरात, पोट फाडल्यावर. आई तो धुऊन खिडकीत वाळत ठेवायची.

रूबेन थोरला. चॅपेलमधली प्रार्थना शिकावी तशी तो ही रीत शिकला, अर्थ न विचारता. क्लेम त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटा. तोही शिकला, पण त्याला सिगारेटीनं खोकला यायचा. "अर्ध्या सिगारेटीत ओढलं तर?" असं त्यानं एकदा विचारलं.

"तर अर्धाच मासा येईल," बाप म्हणाला.

बाप गेला. क्लेम साखर कारखान्यात लागला, विनशी लग्न करून गावात राहिला. रूबेनला पंपावर काम मिळालं. त्यांच्या गावाची, सॅलो एंडची, काळी जमीन नदीच्या पातळीखाली आहे. शेतांतलं पाणी अठराफुटी कालव्यात उतरतं आणि कालव्यातलं पाणी पंप उचलून वर नदीत टाकतो. पंप आठवडाभर बंद राहिला तर बटाट्यांसकट चॅपेल बुडेल. पंपाच्या तोंडाशी उभे लोखंडी गज आहेत, कचरा आत जाऊ नये म्हणून. रोज सकाळी लांब दांड्याचं दाताळं घेऊन ते गज साफ करायचे, हे रूबेनचं काम. शेवाळ, फांद्या, पोती, कधी मेंढी. पाण्यात जे मरतं ते शेवटी रूबेनच्या गजांशी येतं, असं गावात म्हणत. तो लग्नाच्या भानगडीत पडला नाही. पंपाला लागून त्याचं दोन खोल्यांचं घर, मागं भाजीचा वाफा.

मग काळ बदलला. मासेमारीच्या मंडळानं नियम केला, पाइक मारायचा नाही, पकडून परत सोडायचा. रूबेननं नियम पाळला, पण त्याच्या पद्धतीनं. आकडा माळ्यावर टाकला, सोटा चुलीत घातला; सिगारेट मात्र राहिली. बूच बुडालं की त्याचा हात आपोआप खिशात जाई. खोल गेलेला गळ काढायला त्याच्यापाशी जबडा फाकवायचा एक स्प्रिंगचा चाप होता. तो तोंडात अडकवायचा, गळाच्या तारेला हिसका द्यायचा, जे बाहेर येईल ते येईल. मासा पाण्यात सोडला की क्षणभर कलंडायचा, मग शेपटी मारून काळोखात निघून जायचा.

"गेला बघ," रूबेन म्हणायचा. त्याच्या लेखी एवढा पुरावा पुरेसा होता.

क्लेमला तो पुरेसा वाटेना. शेफील्डहून बस भरभरून माणसं रविवारी गळ टाकायला येत, त्यांच्यातल्या एका शाळेच्या शिपायाशी त्याची मैत्री झाली. त्याच्याकडून क्लेम वेगळंच शिकून आला. वीतभर लांब दांड्यांचा चिमटा, तार कापायची पक्कड, आणि मासा ठेवायला ओलं केलेलं मऊ पोतं. बूच बुडालं की तीन आकडे मोजायचे आणि ओढायचं.

"मासे धरतोस की बाळंतपणं करतोस?" रूबेन म्हणायचा.

"दोन्हीला हात स्वच्छ लागतात," क्लेम म्हणायचा.

तरी दोघं दर शनिवारी शेजारी शेजारी बसत. आणि दोघांच्या मध्ये, पाण्याखाली कुठंतरी, केझाया असे.

केझाया ही त्यांची आत्या. लांब जबड्याची, कुणाचं ऐकून न घेणारी, चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर बसून प्रवचनकाराच्या चुका काढणारी. ती वारल्यानंतरच्या हिवाळ्यात क्लेमला एक प्रचंड मादी पाइक लागली. तिच्या शेपटीच्या खालच्या पात्यात अंगठा मावेल एवढी खाच होती. तिनं क्लेमकडे असं पाहिलं की तो म्हणाला, "अगं बाई, आत्या!" त्यानंतर तीन हिवाळ्यांत तीनदा ती त्याला लागली. तिन्ही वेळा त्यानं ती पोत्यावर निजवून, गळ काढून, परत दिली. क्लेमला मूल नव्हतं. केझायाबद्दल तो असा बोलायचा की विन म्हणे, "मी बुडाले तर हा आधी तिला विचारेल, लागलं तर नाही ना तुला?"

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत ती रूबेनला लागली.

बूच गेलं. रूबेननं सिगारेट वळली. क्लेम पलीकडच्या पुलापाशी होता, तिथून त्यानं धूर पाहिला आणि ओरडला, "ओढ! थोरल्या, ओढ आता!" रूबेननं हात हलवला आणि शांतपणे झुरका घेतला. थोरल्या भावाला धाकट्यानं अख्ख्या कालव्याला ऐकू जाईल असं शिकवायचं म्हणजे काय. तो झुरका नेहमीपेक्षा लांब होता, हे रूबेनला तेव्हाही कळत होतं.

काठावर आली तेव्हा ती अंड्यांनी फुगलेली होती आणि तार सरळ घशात गेली होती. क्लेम चिमटा घेऊन धावत आला. गुडघ्यांवर बसला.

"माझ्याकडे दे. मी काढतो. पाच मिनिटं."

"माझा मासा आहे."

"रूबेन, पाया पडतो तुझ्या."

"बाजूला हो."

रूबेननं चाप लावला आणि हिसका दिला. गळ आला, गळाबरोबर बरंच काही आलं. त्यानं तिला पाण्यात लोटलं. ती कलंडली, सरळ झाली, निघून गेली. "गेली बघ," रूबेन म्हणाला. क्लेम आपला चिमटा गवतावर पुसत राहिला, त्याला काही लागलेलं नसताना.

दहाव्या दिवशी सकाळी रूबेनच्या दाताळ्याला जड लागलं. शेवाळाच्या गुंत्यातून पांढरं पोट वर आलं, मग शेपटी, आणि शेपटीतली खाच.

त्याआधीही गजांशी पाइक यायचे. दर हिवाळ्यात पाच-सहा तरी. म्हातारे झाले असतील, थंडीनं गेले असतील, असं म्हणून तो ते ढिगावर फेकायचा. ते सगळे कुणाचे होते, हा प्रश्न त्याला त्या सकाळी पहिल्यांदा पडला. तो दाताळं धरून तसाच उभा राहिला. पंप चालूच होता.

वाफ्यात सेलरीसाठी चरी खणून ठेवली होती. त्यानं तिला त्या चरीत घातलं, वर शेणखत, वर काळी माती.

संध्याकाळी क्लेम सायकल मारत आला. फाटकाशीच थांबला, उतरला नाही.

"गजांशी काही आलं?"

"गजांशी काही आलं नाही," रूबेन म्हणाला. "नुसतं शेवाळ."

"दहा दिवस झाले. यायची असती तर आली असती, नाही?"

"असती."

क्लेमनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "मग वाचली म्हातारी," तो म्हणाला. "मी उगाच तुला मनात शिव्या घातल्या, गड्या." आणि शीळ घालत निघून गेला.

उद्या सांगू, असं रूबेननं ठरवलं. पण क्लेमचा जीव भांड्यात पडला होता, आणि भांडं आपल्या हातानं उपडं करायला रोज उद्याच बरा वाटायचा. नाताळात विननं त्याच वाफ्यातली सेलरी वाढली. क्लेमनं दोनदा घेतली.

सहा हिवाळे गेले. क्लेमला साखरेचा रोग झाला, "साखर कारखान्यात तीस वर्षं, आता आतूनही तीच," असं तो म्हणायचा. आधी पायाचं बोट गेलं, मग डोळे विझत आले. उजेड कळायचा, माणूस बोलल्यावर कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हाताला ओरखडासुद्धा नको, भरून यायचा नाही. आणि पाइकच्या तोंडात सातशे दात.

विन रूबेनकडे आली. "तो घरात खिडकीशी बसून कालव्याच्या दिशेला तोंड करतो. मला बघवत नाही. तू त्याला ने. पण मासा तू सोडवायचा, त्याचा हात तोंडात जाता कामा नये."

"मला त्याच्यासारखं येत नाही."

"मग शीक. म्हातारा झालास म्हणून काय झालं, अजून दफनाला वेळ आहे."

असा त्रेसष्टाव्या वर्षी रूबेन पाइक सोडवायला शिकला. क्लेम घडीच्या खुर्चीत बसायचा, गुडघ्यांवर घोंगडी. रूबेन त्याच्या पायांशी पोत्यावर.

"डावा हात. ओला कर आधी," क्लेम म्हणायचा. "दोन बोटं. कल्ल्याचं झाकण हनुवटीच्या बाजूला जरा सुटं असतं. तिथून सरकव. झाकणाला आतून चिकटून. लाल पिसांना लागू देऊ नकोस, तो त्याचा श्वास आहे."

"दात माझ्याकडे बघताहेत."

"बघू देत. तू त्यांच्याकडे बघू नकोस. घाबरलेला हात मागं येतो, आणि मागं येताना कापतो. पुढं ने. हनुवटीच्या टोकाशी हाड लागेल."

"लागलं."

"अंगठा बाहेरून. आता नुसतं डोकं उचल. अंग जमिनीवर राहू दे, लोंबकळवू नकोस. जांभई देईल बघ."

आणि माशानं खरोखर जांभई दिली. बापाच्या बुटाखाली, स्वतःच्या चापाखाली रूबेननं शेकडो जबडे पाहिले होते. एकही असा आपणहून उघडला नव्हता. आत मऊ, पांढरं, जवळजवळ शेवंतीच्या पाकळ्यांसारखं होतं. गळ कोपऱ्यात टोचलेला होता. चिमट्यानं धरून उलटा वळवला आणि निघाला. एवढंच. रूबेन तसाच बसून राहिला.

"निघाला?"

"निघाला."

"मग काय प्रार्थना म्हणतोस? पाण्यात ने. शेपटीच्या मुळाशी धर, ढकलू नकोस. त्याला जायचं असेल तेव्हा तो जाईल."

पहिले काही आठवडे रूबेनच्या बोटांची चाळण झाली. पाइकचा चावा तासभर वाहतो. विन पट्ट्या बांधताना म्हणायची, "एका भावाला डोळे नाहीत, दुसऱ्याला बोटं नाहीत. दोघं मिळून एक धड माणूस होईना." पण हात शिकत होते. खोल गेलेला गळसुद्धा तो एकदा काढू शकला: तार हलकेच ताणून घशाचं तोंड वर आणायचं, चिमटा कल्ल्याच्या फटीतून बाजूनं घालायचा, घाई नाही. क्लेम बोलत होता आणि रूबेनची बोटं ऐकत होती. त्याला पाच मिनिटं लागली. पाचच. केझायाच्या वेळी क्लेमनं एवढीच मागितली होती.

सर्वांत अवघड गेलं ते मोजणं. बूच बुडालं की रूबेनचा हात अजूनही खिशाकडे जाई. क्लेमला बूच दिसत नसे, पण कागदाची चुरचुर ऐकू येई.

"खिशातून हात काढ, थोरल्या. एक, दोन, तीन. ओढ."

आणि दर शनिवारी, थर्मासमधला चहा ओतताना, केव्हातरी ते यायचंच. "पुलाखाली काहीतरी मोठं हललं म्हणत होते. तीच असेल. म्हातारी होऊन मंद झाली असेल आता." किंवा, "एकदा, रूबेन. एकदा तिची शेपटी हाताला लागू दे. मग गळाच्या काठ्या विनला देऊन टाकतो, वाटाण्याच्या वेलांना लावायला."

रूबेन म्हणायचा, "चहा निवतोय."

अनेकदा वाक्य ओठांपर्यंत आलं. पण आता त्याला आणखी एक भीती होती. हा माणूस कशासाठी खुर्चीत बसतो? ते एक काढून घेतलं तर तो परत खिडकीशी जाईल. असं तो स्वतःला समजवायचा. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हे, की ते शनिवार रूबेनला स्वतःसाठी हवे होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमाराला बूच गेलं. रूबेननं मोजलं, ओढलं, आणि काठी हातातून जाते की काय असं वाटलं. क्लेम खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"जाऊ दे तिला. दोरी दे. मोठी आहे का?"

"मोठी आहे."

जाळ्यात घेताना जाळं पुरेना. रूबेननं ती पोत्यावर निजवली, हात ओला केला, बोटं सरकवली, हाड लागलं, डोकं उचललं. गळ ओठाच्या कडेला होता. चिमट्याच्या एका वळणात सुटला. इतकं नीट त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं.

"निघाला?" क्लेमचा आवाज बारीक झाला होता. "शेपटी बघ. खाली. खाच आहे का?"

रूबेननं पाहिलं. शेपटी अख्खी होती. नव्या पंख्यासारखी, कडेपर्यंत शाबूत. त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड वाट बघत होतं, आणि त्यावरचे डोळे भलतीकडेच, झाडांच्या बाजूला वळले होते.

"आहे," रूबेन म्हणाला. "खाच आहे, क्लेम. तीच आहे."

क्लेम गुडघ्यांवर बसला. कालव्यात हात बुडवून ओला केला, चाचपत शेपटीपर्यंत आला. दाताची बाजू लांब होती. रूबेननं त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं हे त्याच्या लक्षात आलं तोवर क्लेमची बोटं कडेवर होती. वरच्या पात्यावरून हळूहळू खाली. मग खालचं पातं, टोकापर्यंत. मग परत वर. मग पुन्हा एकदा खाली, आणि तिथं, जिथं खाच असायला हवी होती, अंगठा थांबला.

वाऱ्यानं लव्हाळी वाकली, सरळ झाली.

"फार वेळ झाला तिला बाहेर," क्लेम म्हणाला. "सोड. आधी पाण्यात धर."

रूबेननं धरली. ती कल्ले उघडत, मिटत राहिली, आणि गेली. तो वळला तेव्हा क्लेम तसाच बसला होता, ओला हात मांडीवर उताणा ठेवून.

"केव्हा?"

"दहाव्या दिवशी."

"मी विचारायला आलो होतो."

"हो. त्याच सकाळी."

"शेवाळ म्हणालास."

"हो."

"कुठं टाकलीस?"

"सेलरीच्या चरीत."

क्लेमनं ओला हात मांडीला पुसला. मग म्हणाला, "गोड झाली होती त्या वर्षी." आणि मग, "ती मेली त्याचं काय. बापानं थोडे मारले? मीही मारलेत. पण सात हिवाळे तू मला इथं बसू दिलंस, रूबेन. कशाची वाट बघतोय हे माहीत असून." त्यानं हात पुढं केला, रूबेनच्या दिशेनं नव्हे, खुर्चीच्या. "घरी ने मला."

पुढच्या शनिवारी दारात विन आली. "तो येत नाही. डोळे दुखताहेत म्हणतो."

"डोळे?"

"असं सांग म्हणाला." तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "हा चिमटा तुझ्याकडेच ठेवायला सांगितलाय. मला काही विचारू नकोस, रूबेन. मला कुणी काही सांगत नाही."

हंगाम संपायच्या आदल्या दिवशी रूबेन एकटाच गेला. खुर्ची नेली नाही. बूच बुडालं. हात खिशाशी गेला आणि परत आला. "एक, दोन, तीन," तो मोठ्यानं म्हणाला. मासा लहान होता. हात ओला, दोन बोटं, लाल पिसांना लागू द्यायचं नाही, हाड, अंगठा बाहेरून. गळ निघाला. पाण्यात त्यानं शेपटीच्या मुळाशी धरलं आणि थांबला. मासा आपल्या वेळेनं गेला. "गेला बघ" हे शब्द सवयीनं ओठांवर आले. ते त्यानं आतच ठेवले.

त्यानंतर दहा दिवस रोज सकाळी त्यानं गज नेहमीपेक्षा सावकाश साफ केले. दाताळ्याचा प्रत्येक भार काठावर पसरला, शेवाळ हातानं उकललं. फांद्या आल्या, एक बूट आला, दहाव्या दिवशी एक फुटकी बादली आली. मासा नव्हता.

त्या संध्याकाळी तो सायकल घेऊन क्लेमच्या फाटकापर्यंत गेला. खिडकीत दिवा होता आणि क्लेम कालव्याच्या दिशेला तोंड करून बसला होता. सांगायचं एवढंच होतं, गजांशी काही आलं नाही. या वेळी ते खरं होतं. रूबेन एक पाय जमिनीवर टेकून बराच वेळ उभा राहिला. दुसरे शब्द शोधून पाहिले. मिळाले नाहीत, त्या गोष्टीला तेच शब्द होते, आणि ते त्यानं सात वर्षांपूर्वी, असंच एका फाटकाशी, वापरून टाकले होते.